बाटलीवरची बारीक अक्षरं

मुलगी : चहा नको बाबा. आधी माझं ऐकून घ्या.

वडील : ऐकतो की. हात ओले आहेत, कान कोरडेच आहेत. त्या स्टुलावर बस. खुर्चीवर टीपकागद वाळत घातलेत.

मुलगी : मी काल त्या रेस्टॉरंटमध्ये गेले होते. निळ्या दाराच्या.

वडील : जेवायला?

मुलगी : तुम्ही तिथे किती पिता ते विचारायला. खारू म्हणाली होती, आजोबा निळ्या दारातून लेबलं आणतात. म्हणून तिच्या वहीत सापडलेलं ते वाइनचं लेबल आणि तुमचा फोटो पर्समध्ये घालून गेले. पोलिसासारखी.

वडील : मग? सापडलो का मी?

मुलगी : मॅनेजरने ओळखलंच नाही. म्हणाला, मागे भांड्यांकडे विचारा. मागे एक बाई होत्या, कोपरापर्यंत फेस. त्यांनी फोटो पाहिला आणि हसायलाच लागल्या. "हे होय! हे आमचे लेबलवाले काका. दर मंगळवारी, शुक्रवारी सकाळी मागच्या दाराने येतात, रबरी हातमोजे घालून. रिकाम्या बाटल्यांच्या पिंपात डोकं घालतात. आधी वाटलं भंगारवाले असतील. पण हे बाटली नेतात आणि पुढच्या खेपेला धुऊन परत आणून टाकतात. असा भंगारवाला जन्मात पाहिला नाही बाई!"

वडील : तोंडाची फटकळ आहे, पण मनाने चांगली. जाड कागदाचं काही दिसलं की माझ्यासाठी बाजूला काढून ठेवते.

मुलगी : बाबा, मी चुकले.

वडील : बरं.

मुलगी : बरं नाही. मला सगळं बोलू द्या, आणि मध्ये विनोद करू नका. सोमवारी खारूच्या वहीत ते कोंबड्याचं लेबल सापडलं. आजोबांनी दिलं म्हणाली. मी साल बघितलं. दोन वर्षांपूर्वीचं. तुम्हीच शिकवलंय मला, साल असतं ते द्राक्षं तोडल्याचं, बाटली भरल्याचं नाही. म्हणजे बाटली भरली ती त्यानंतरच. तुम्हाला दारू सोडून झाली सहा वर्षं. कडेला जांभळा ओघळ होता. मी वाससुद्धा घेतला.

वडील : आणि निष्कर्ष काढलास.

मुलगी : पाच मिनिटांत. प्रयोगशाळेत पाण्याचा एक नमुना नापास करायचा असला तर मी तीनदा तपासते. नळाच्या पाण्याला मी जेवढी संधी देते, तेवढी तुम्हाला दिली नाही.

वडील : पाण्याने तुला कधी फसवलं नसेल. मी फसवलंय. चांगलं वीस वर्षं.

मुलगी : तरी विचारायला हवं होतं. इथे यायला हवं होतं. मी सरळ शाळेच्या गेटवर गेले. बाईंना बाजूला घेऊन हळूच सांगायचं ठरवलं होतं, खरंच. पण तुम्ही खारूचं दप्तर खांद्याला लावून तिची वेणी सारखी करत होतात, आणि माझा आवाज चढला. "यांचं नाव यादीतून काढा. यांच्या हाती मुलगी द्यायची नाही. हे पितात." दहा-बारा आईवडील होते. सगळ्यांनी ऐकलं.

वडील : दप्तर हलकं होतं. मंगळवारी चित्रकला असते ना.

मुलगी : तुम्ही ते काढून माझ्या हातात दिलंत आणि निघून गेलात. वळूनही पाहिलं नाही. घरी जाताना खारूने विचारलं, "आजोबा काय पितात?"

वडील : काय सांगितलंस?

मुलगी : म्हटलं, रस्त्याकडे बघून चाल.

वडील : बरोबरच सांगितलंस. त्या चौकात कोणी थांबत नाही.

मुलगी : तुम्ही अजूनही मला सांभाळून घेताय. ओरडा ना एकदा. मला बरं वाटेल.

वडील : तुला बरं वाटावं म्हणून ओरडू? एवढा कुठला मी गुणी. हे बघ, ही बाटली. आत गरम पाणी भरायचं, बाहेरून नाही. काच तापली की डिंक मागच्या मागे सुटतो आणि लेबल आपणहून अंग सैल करतं. लोक बाहेरून ओरबाडतात, मग कागद फाटतो आणि दोष डिंकाला.

मुलगी : विषय बदलू नका.

वडील : बदलत नाहीये. हात चालू असले की मला बोलता येतं. छापखान्यातली सवय. एकतीस वर्षं मशीनच्या आवाजावरून बोललो, आता शांततेत जीभ उचलत नाही.

मुलगी : मला आणखी एक सांगायचंय. तेही आजच. तुमच्या या छंदाची मला लाज वाटायची. लोकांचे वडील नाणी जमवतात, काडेपेट्या जमवतात. माझ्या वडिलांनी दारू सोडली आणि दारूचीच लेबलं जमवायला लागले. सासरी मी सांगून ठेवलंय की तुम्ही पोस्टाची तिकिटं जमवता.

वडील : तरीच! तुझ्या सासऱ्यांनी मला एकदा पिशवीभर जुनी पाकिटं आणून दिली होती. "तुमच्या कामाची," म्हणाले, वर डोळा मारला. मी दोन दिवस विचार करत होतो, माणसाचं डोकं फिरलं की काय.

मुलगी : विनोद नको म्हटलं होतं.

वडील : हा विनोद तुझा आहे, माझा नाही.

मुलगी : काय केलंत त्या पाकिटांचं?

वडील : तिकिटं काढून व्यवस्थित ठेवली आहेत. माणूस एवढ्या हौसेने देतो, टाकवत नाही. आणि लाजेचं म्हणशील, तर मी काय तिथे छाती काढून जातो? टोपी डोळ्यांपर्यंत ओढून जातो, मान खाली घालून. समोरच्या दाराने जायची हिंमत नाही मला. काचेतून तुझ्या ऑफिसातल्या कोणी पाहिलं तर तुला मान खाली घालावी लागेल, हे मलाही कळतं.

मुलगी : मग जाता कशाला?

वडील : सोडली तेव्हा हात थरथरायचे, आठवतं? पाण्याचा पेला दोन हातांनी धरायचो. दारू सोडणाऱ्यांच्या गटातले म्हणाले, हातांना बारीक काम द्या. मला दुसरं येतं काय? औषधांची, तेलाची, जॅमची लेबलं छापण्यात जन्म गेला. त्यात वाइनची लेबलं म्हणजे राजघराणं. उठावाची छपाई बघ, सोनेरी वर्ख बघ. मोठ्या अक्षरांत घराण्याचं नाव मिरवायचं आणि द्राक्षं कुणाची, बाटली भरली कुणी, दारू किती टक्के, हे खाली मुंगीच्या पावलांएवढं. मागचं लेबल तर निव्वळ थापा. बागेवर सकाळचं ऊन काय पडतं, आजोबांनी वेल काय लावला. सगळ्या बाटल्यांना आजोबा असतात.

मुलगी : बारीक अक्षरं आधी वाचायची, हेही तुम्हीच शिकवलंत.

वडील : आणि तू शिकलीस. मी पकडला गेलो तो माझ्याच शिकवणीने. मास्तरने अभिमानच बाळगायला हवा.

मुलगी : तुम्ही काहीच का बोलला नाहीत, बाबा? मंगळवारी. "हे पिंपातलं आहे" एवढे तीन शब्द. मी तिथल्या तिथे गप्प झाले असते. मला दोन रात्री झोप नाही, आणि पुन्हा पुन्हा तेच मनात येतंय. निर्दोष माणूस एवढा गप्प कसा राहतो?

वडील : अपमान झाला की शब्द सापडत नाहीत माणसाला.

मुलगी : तुम्हाला? तुम्ही डॉक्टरांशी वाद घालता.

वडील : त्या बाटलीतलं पाणी गार झालं वाटतं. जरा ती किटली दे.

मुलगी : घ्या. आज सकाळी मी शाळेत गेले होते. बाईंना सांगितलं, माझी चूक झाली. तुमचं नाव पुन्हा यादीत घालायला सांगितलं. तुमची सही लागेल, म्हणून तुम्हाला न्यायला आलेय. चारला शाळा सुटते. त्याच गेटवर, त्याच लोकांसमोर मला बोलायचंय. जेवढ्या मोठ्याने तेव्हा बोलले, तेवढ्याच मोठ्याने.

वडील : आज नको. गुडघा धरलाय माझा.

मुलगी : रिक्षा करू.

वडील : उद्या बघू.

मुलगी : रागावला आहात ना?

वडील : रागावलो असतो तर सोपं होतं. तू तिथे माफी मागू नकोस. इथे मागितलीस तीच भारी झालीय. अंगाला डिंक लागल्यासारखं वाटतंय मघापासून.

मुलगी : का?

वडील : तुला शाळेत गणितात अर्धे गुण का कापायचे, आठवतं?

मुलगी : पायऱ्या गाळायचे म्हणून. उत्तर बरोबर आणि रीत… बाबा?

वडील : कोंबड्याची बाटली कोरडी ठणठणीत होती. त्याबद्दल तू साफ चुकलीस.

मुलगी : मग कशाबद्दल बरोबर होते?

वडील : गेल्या महिन्यात. सतरा तारीख, शुक्रवार. माझा एक नियम आहे. पिंपातली बाटली उचलली की आधी मोरीवर उलटी धरायची, आत काही आहे का ते न बघता. मग पिशवीत. गटात मी हा छंद सांगितला तेव्हा सगळ्यांनी मिळून घालून दिलेला नियम. सहा वर्षांत एकदाही मोडला नव्हता. त्या दिवशी त्या बाईने एक बाटली वेगळी काढून ठेवली होती. कापसाच्या लगद्याचा कागद. हाताला लागला की कळतो. काळी शाई, उठावाची एकच रेघ, बाकी कोरं. एवढं कोरं सोडायला छापणाऱ्याची छाती लागते. मी आयुष्यात असं एक लेबल छापू शकलो नाही.

मुलगी : आणि?

वडील : आणि तळाशी चार बोटं दारू होती. उलटी केली असती तर ओघळ त्या कागदावर आला असता. कापसाचा कागद, डाग पिऊन टाकतो. म्हणून मी ती उलटी केली नाही. बूच दाबलं आणि सरळ उभी घरी आणली. लहान मुलाला आणावं तशी, छातीशी धरून.

मुलगी : घरी येऊन ओतून टाकता आली असती.

वडील : त्यासाठीच बेसिनशी नेली. बाटली वाकवलीही. लेबल वरच्या बाजूला धरलं होतं, नीट. नंतरचं मला सांगता येत नाही, कारण नंतर काही झालंच नाही. कोणी आलं नाही, मन खट्टू नव्हतं, तुझ्या आईची आठवण नव्हती. वाकवली ती माझ्याकडे.

मुलगी : किती?

वडील : तीन घोट.

मुलगी : किती वाजता?

वडील : दोन वाजून गेले होते. साडेतीनला लवंग चावली, टोपी घातली आणि शाळेत गेलो.

मुलगी : त्या दिवशी खारूला तुम्ही आणलंत.

वडील : आणलं. हात धरून. तोच चौक ओलांडून. वाटेत गाणं म्हणत होती. मी नाकाने श्वास घेत होतो, तोंड मिटून, तिला वास येऊ नये म्हणून. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही पण म्हणा ना." मी मान हलवली.

मुलगी : तीन घोट म्हणजे… एक घोट पंचवीस मिलिलिटर धरला तर पंचाहत्तर. वाइन होती, तेरा-चौदा टक्के. म्हणजे शुद्ध अल्कोहोल दहा मिलिलिटर. दीड तासात ते जवळपास…

वडील : नको.

मुलगी : नाही, खरंच, तुमच्या वजनाला ते…

वडील : आकडेमोड नको करूस, बाळा. तुझी आई करायची. "आज दोनच झाले." "आज निदान जेवले." तिचं गणित कधी चुकलं नाही. माणूस दारूत गेला तो गेलाच.

मुलगी : मला आत्ता तुमच्याकडे बघवत नाहीये.

वडील : नको बघूस. तिकडे खिडकीबाहेर बघ.

मुलगी : कोणाला माहीत आहे?

वडील : तुला. आत्ता.

मुलगी : गटात?

वडील : रविवारच्या तीन बैठका चुकवल्या. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. सहा वर्षं पुरी झाली तेव्हा त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या माझ्यासाठी. त्या लोकांना तोंड कसं दाखवू? मंगळवारी तू गेटवर म्हणालीस, "हे पितात", तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? वाटलं, कळलं एकदाचं. सुटलो. मग तुझ्या हातात कोंबडा दिसला.

मुलगी : आणि तरी गप्प राहिलात.

वडील : पिंपातलं आहे म्हटलं असतं तर ते खरंच होतं. पण त्या खऱ्याच्या आड मला लपायचं होतं, हे मला माहीत होतं. तेवढी लाज शिल्लक आहे.

मुलगी : मग दोन दिवस मी तळमळत होते ते? आज तुम्ही गुडघा काढलात, टीपकागद काढलेत, किटली मागितलीत. माझी माफी घेऊन टाकणार होता ना?

वडील : घेणारच होतो. तू स्टुलावर बसलीस तेव्हाच ठरवलं होतं. चार वाजता तुझ्याबरोबर यायचं, सही करायची, त्या लोकांनी सॉरी काका म्हणायचं. मनातल्या मनात इस्त्रीचा शर्टसुद्धा काढून ठेवला होता. पण तू म्हणालीस मोठ्याने बोलणार. तुझी मान माझ्यासाठी त्या लोकांसमोर खाली गेलेली… ते मला जमेना.

मुलगी : ते लेबल कुठे आहे?

वडील : कुठलं?

मुलगी : बाबा.

वडील : वहीत आहे. शेवटचं पान. काढलं त्याच दिवशी. आधी ते काढलं, मग लवंग चावली. अशी आहे माझी रीत.

(वही उघडल्याचा आवाज. एकेक पान उलटल्याचा आवाज.)

मुलगी : बाकीच्या पानांवर किती लिहिलंय तुम्ही. कागद, शाई, बाग, कोणी भरली. इथे नुसती तारीख.

वडील : पुढे पेन चाललं नाही.

मुलगी : सुंदर आहे हो.

वडील : आहे ना?

मुलगी : साडेतेरा टक्के. इथे, खाली. दिसतसुद्धा नाही.

वडील : वही घेऊन जा तू. सगळ्याच ने. मला पिंपाकडे जाणं बंद करावं लागेल, हे मलाही कळतं. तिकिटंच बरी.

मुलगी : ते तुमच्या गटाने ठरवायचं. रविवारी मी तुम्हाला तिथल्या दारापर्यंत सोडणार आहे. आत तुम्ही जायचं.

वडील : बरं.

मुलगी : किती दिवस झाले? सतरापासून.

वडील : आजचा विसावा. याआधी सहा वर्षं चार महिने होते. आता वीस दिवस.

मुलगी : मी इथे येताना जिन्यात तीनदा थांबले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. चूक माझी होती म्हणून एवढी लाज वाटत होती. आता कळतंय, माझं बरोबर होतं. पण त्याने काही हलकं झालं नाही. उलट तेव्हा जे मोठ्याने बोलले ते आता जास्तच लाजिरवाणं वाटतंय. खरं होतं, आणि तरी असं बोलायला नको होतं.

वडील : बाईंना फोन कर. यादीत नाव नको घालू म्हणावं.

मुलगी : काय सांगू त्यांना? मंगळवारी म्हटलं पितात. सकाळी म्हटलं पीत नाहीत. आता पुन्हा? त्यांना वाटेल मीच पिते.

वडील : सांग, म्हाताऱ्याने स्वतःच नको म्हटलंय. ते तरी खरं आहे.

मुलगी : सांगते. नाव घालणार नाही. एकट्याने तिला आणायचं नाही. कधीपर्यंत ते मला आत्ता माहीत नाही. विचारू नका.

वडील : विचारत नाही.

मुलगी : चपला घाला.

वडील : कुठे?

मुलगी : शाळेत.

वडील : अगं, मी एवढं सांगितलं तुला…

मुलगी : ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. पण खारू तीन दिवस नीट जेवलेली नाही. तिला वाटतंय, तिने ते लेबल वहीत ठेवलं म्हणून आजोबा निघून गेले. काल मला म्हणाली, "आई, माझ्यामुळे झालं ना?" सहा वर्षांची आहे, बाबा. आपल्या दोघांची लाज ती एकटी घेऊन फिरतेय.

वडील : तिला असं वाटतंय?

मुलगी : मी सांगून पटत नाही. तुम्ही सांगायचं. पिण्याचंही सांगायचं, तिला समजेल एवढं. मी शेजारी उभी राहीन.

वडील : गेटवर सगळे असतील.

मुलगी : असतील. तुमच्याकडे बघतील, माझ्याकडेही बघतील.

वडील : शर्ट बदलू का?

मुलगी : नको. उशीर होईल. आहे तो बरा आहे.

वडील : एक कर. चौकात तिचा हात तू धर.

मुलगी : एक हात मी धरीन. दुसरा कोणाला द्यायचा, ते तिचं ती बघेल.